मॅडम झोपल्यात

मी चित्रं हलवतो. काढत नाही, विकत नाही, आणि त्यातलं मला फारसं कळतं असंही नाही. अबू धाबीत प्रदर्शनांसाठी परदेशातून जी चित्रं येतात ती विमानतळावरून उचलायची, संग्रहालयात न्यायची, पेटी उघडून भिंतीवर लावायची आणि मुदत संपली की पुन्हा पेटीत घालून परत पाठवायची, हे आमच्या कंपनीचं काम. आमच्या सहा जणांच्या टोळीचा मी फोरमन. गुहागरकडच्या एका खेड्यातल्या सुताराचा मुलगा. अठ्ठावीस वर्षांपूर्वी आलो तो पेट्या ठोकायला. त्या पेट्यांतून काय जातं-येतं हे कळायलाच दोन वर्षं गेली. स्वभावाने मी तिखट आहे. टोळीतली माणसं माझ्यामागे मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, आणि त्यांचं फारसं चुकत नाही.

हे लिहायला बसलोय ते एका चित्रामुळे, आणि एका रागामुळे. तो राग मी सव्वीस वर्षं जपून ठेवला होता.

लग्नानंतर सहा महिन्यांनी मी पहिल्यांदा इकडे यायला निघालो, तेव्हा माझी बायको पडवीत उभी राहून हुंदके देऊन रडली. नवीन लग्न होतं. मला वरवर वाईट वाटलं आणि आतून बरंच वाटलं. दोन वर्षांनी महिनाभराच्या रजेवर गेलो. परत निघालो त्या पहाटे गाडी दारात उभी होती, आई माझ्या हातावर दही घालत होती, शेजारचे दोघेतिघे निरोपाला आले होते, आणि ही आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून, गोधडी कानापर्यंत ओढून झोपलेली. मी दारात उभा राहिलो. आई म्हणाली, "झोपू दे तिला, दमलीय." मी बॅग उचलली आणि निघालो. पुढच्या रजेला तेच. त्याच्या पुढच्याही रजेला तेच. दर दोन वर्षांनी एकदा, असा एकूण तेरा वेळा मी घरून निघालो आणि तेराही वेळा माझी बायको झोपून राहिली.

एरवी ही बाई घरात सगळ्यांच्या आधी उठणारी. रजेच्या तीस दिवसांत मी डोळे उघडले आणि ती अंथरुणात दिसली, असं एकदाही झालं नाही. दुपारीसुद्धा ती आडवी व्हायची नाही. आणि नेमकी मी निघायच्या दिवशी हिला गाढ झोप लागते. याचा जो अर्थ लावायचा तो मी लावला. तिला विचारलं मात्र नाही. आपणहून अपमान करून घ्यायला कोण जाईल, असा माझा खाक्या. इकडे आलो की महिनाभर फोनवर तुसड्यासारखा बोलायचो. ती त्याचंही कारण विचारायची नाही, म्हणून आणखी राग.

शेवटच्या खेपेला तर कमाल झाली. त्या रजेतच, मी घरी असताना, आई गेली. तिचं सगळं करून मी निघालो तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो. मुलगी लग्न होऊन सासरी गेलेली. हातावर दही घालायला कोणी नव्हतं, निरोपाला कोणी नव्हतं, आणि तरीही ही उठली नाही. मी दार ओढून घेतलं ते जरा जोरातच.

या उन्हाळ्यात माझं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं. अजून तीन वर्षं वाढवायचं की गावी परत जायचं, ते मला जूनमध्ये कळवायचं होतं. वय सत्तावन्न. गुडघे कुरकुरायला लागलेले. घर बांधून झालं होतं, मुलगी मार्गाला लागली होती, इथे राहायचं तसं काही कारण उरलं नव्हतं. पण परत जायलाही मला कारण दिसत नव्हतं. बायकोला फोनवर विचारलं तर म्हणाली, "तुम्हाला बरं वाटेल ते करा." हे कसलं उत्तर झालं? आपण परत यावं असं जिथे कोणालाच वाटत नाही, तिथे जाऊन मी करू काय? पडवीत खुर्ची टाकून बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर खेकसायचं? ते मला इथेही जमतं.

तरी एकदा प्रत्यक्ष बघावं, म्हणून मी तिला दोन महिन्यांच्या व्हिसावर इकडे बोलावलं. आईला एकटं टाकून तिला आधी कधी येता आलं नव्हतं. आता अडचण नव्हती. या दोन महिन्यांत काय ते कळेल, आणि मग उत्तर द्यायचं, असं मी ठरवलं.

त्याच सुमाराला ते चित्र इथे होतं. मार्चमध्ये त्याची पेटी आली. कागदावर लिहिलं होतं: फ्रान्स, अठरावं शतक, रोकोको, कॅनव्हासवर तैलरंग, झोपलेली तरुणी. पेटीबरोबर तिकडच्या संग्रहालयाच्या पांढऱ्या केसांच्या एक बाई आल्या होत्या. अशी माणसं पेटीला नजरेआड होऊ देत नाहीत, विमानापासून भिंतीपर्यंत बरोबर राहतात. रोकोको म्हणजे काय, असं मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, त्या काळी तिकडच्या बड्या लोकांना जड, गंभीर चित्रांचा कंटाळा आला होता. त्यांना रेशीम, फिती, फुलं, गुलाबी गाल, असं सगळं हलकंफुलकं हवं होतं. त्या तऱ्हेला हे नाव पडलं. मी म्हटलं, बड्या लोकांचं सगळीकडे सारखंच. त्या हसल्या.

आमच्या कामात एक नियम आहे. लांबून आलेली पेटी लगेच उघडायची नाही. चित्र जिथे लागणार त्या दालनात ती चोवीस तास तशीच ठेवायची. आतल्या लाकडाला, कापडाला, रंगाला इथल्या हवेची सवय होऊ द्यायची. घाई केली तर रंग तडकतो. नव्या माणसांना हे पटवताना माझा घसा बसतो. त्या वेळी मात्र काम सोपं झालं. आमच्या टोळीतल्या पेशावरच्या पठाणाने कागद वाचला आणि शेजारून खडखडत ट्रॉली नेणाऱ्याला म्हणाला, "आहिस्ता, हबीबी. मॅडम सो रही है." झालं. तेव्हापासून सगळी टोळी त्या दालनात दबक्या आवाजात बोलायला लागली. भिंतीत ड्रिल मारायचं तर कोणीतरी आधी पेटीकडे बघून "सॉरी, मॅडम" म्हणायचा. मीही एकदा म्हटलं, कोणी ऐकत नाही असं बघून.

दुसऱ्या दिवशी पेटी उघडली. इथे हातोडा चालत नाही, एकेक स्क्रू हाताने काढावा लागतो. घड्याळ, अंगठी, पट्ट्याचं बक्कल, सगळं आधी काढून ठेवायचं. मग चित्र टेबलावर आडवं ठेवून टॉर्चचा उजेड बाजूने टाकायचा. समोरून जे गुळगुळीत दिसतं त्यातल्या भेगा अशा तिरक्या उजेडात वर येतात. त्या बाई एकेक जागा सांगत होत्या आणि मी चित्राच्या फोटोवर खुणा करत होतो.

फार मोठं चित्र नव्हतं ते. उंची माझ्या हाताएवढी असेल. फिकट निळ्या रेशमी झग्यातली एक तरुण बाई सोनेरी खुर्चीत रेलून झोपलेली. गळ्यात गुलाबी फीत. केसांवर पावडर मारलेली, तशी तेव्हा पद्धत होती म्हणे. मान एका बाजूला कललेली, गालावर लाली, मांडीवर मिटलेलं छोटं पुस्तक, आणि एक पाय झग्याखालून बाहेर आलेला. त्या पायातला रेशमी जोडा टाचेतून सुटून नुसता बोटांवर लटकत होता. त्या जोड्यापाशी टिकलीएवढा रंगाचा टवका उडाला होता, त्याची मी दोनदा नोंद केली.

दोन तास मी तिच्या अंगावरून टॉर्च फिरवत होतो. कपाळावरची, गळ्यावरची, हातावरची, प्रत्येक भेग मला पाठ झाली. चित्रात यापेक्षा जास्त काही बघायचं असतं असं मला तेव्हा वाटलं नाही. आणि खरं सांगायचं तर मला ती बाई आवडलीच नाही. टोळीतले बाकीचे तिच्यावर खूश होते. पण झोपलेली बायको हा काही माझ्या मते भिंतीवर लावायचा विषय नव्हता.

मेमध्ये माझी बायको आली. मी एरवी कंपनीच्या कॅम्पात राहतो. तिच्यासाठी खलिफा सिटीत एका व्हिलाच्या मागच्या बाजूला एका खोलीचा संसार भाड्याने घेतला. त्याला इथे स्टुडिओ म्हणतात. खोली, कोपऱ्यात ओटा, न्हाणीघर, की झाला स्टुडिओ. डोक्यावरून दर थोड्या वेळाने विमान जायचं. पहिले दोन दिवस ती प्रत्येक विमानाला वर बघायची. तिसऱ्या दिवसापासून तिने खोलीचा ताबा घेतला. भांडी माझ्या उंचीच्या फळीवरून तिच्या उंचीच्या फळीवर आली. व्हिलाच्या मालकिणीकडे काम करणाऱ्या केरळच्या बाईशी हिची मैत्री झाली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी रोज तासभर कसल्या गप्पा चालायच्या देव जाणे.

सकाळी मी उठायचो तेव्हा चहा तयार. रात्री मी आधी घोरायला लागायचो. म्हणजे तिची झोप मला इथेही दिसली नाही. एका खोलीत राहून हे तिला कसं साधायचं, कोण जाणे. मी मनातल्या मनात म्हणायचो, बघू आता निघायच्या दिवशी काय करते ती. पण या वेळी निघणारी तीच होती.

आमचं भांडण होत नव्हतं, आणि गोडीही होत नव्हती. ती मला वाढायची, मी जेवायचो. तिने गावचं काही सांगितलं की मी "हं" म्हणायचो. एकदा मी मुद्दाम विषय काढला, "ऑफिसला काय सांगू मग? राहू की येऊ?" ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "सांगितलं ना, तुम्हाला बरं वाटेल ते." मी ताटावरून उठलो. दुसऱ्या दिवशी मनाशी पक्कं केलं की राहायचं. जूनमधला एक गुरुवार ही शेवटची तारीख होती. त्या संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा आणि विषय संपवायचा.

बुधवारी ती म्हणाली, "तुम्ही तिथे करता तरी काय ते एकदा दाखवा मला. इतकी वर्षं नुसतं पेट्या, पेट्या ऐकतेय." हे मात्र मला बरं वाटलं. मी गुरुवारची सुट्टी टाकली आणि कंपनीच्या पिकअपमधून तिला संग्रहालयात घेऊन गेलो.

आतल्या गार एसीमुळे साडीवर स्वेटर घालून, दोन्ही हात पाठीमागे बांधून ती फिरत होती, कारण कशालाही हात लावायचा नाही असा दम मी गाडीतच भरला होता. चित्रांत काय आहे याच्याशी तिला फारसं देणंघेणं नव्हतं. तिचे प्रश्न वेगळे. "हे किती जणांनी उचललंत?" "हे दारातून आत कसं आलं?" "तुम्ही कुठल्या बाजूला होतात?" मी सांगत होतो. सांगता सांगता माझा आवाज चढायला लागला तसा एका रक्षकाने आमच्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत माझ्या कामाबद्दल इतके प्रश्न मला कोणीच विचारले नव्हते.

मग आम्ही त्या झोपलेल्या बाईसमोर आलो. मी म्हटलं, "हिला मी आणली. आमची पोरं हिला मॅडम म्हणतात. भिंतीत ड्रिल मारलं तरी उठली नाही." आणि मला राहवलं नाही. म्हटलं, "काही बायकांना कशानेच जाग येत नाही."

तिला टोमणा कळला की नाही ते तिने दाखवलं नाही. ती चित्राकडे बघत राहिली. इतर कुठल्याही चित्रापुढे ती एवढा वेळ थांबली नव्हती. पुढे झाली, मागे आली, मान तिरकी करून खाली बघितलं.

"ही कुठे झोपलीय?" ती म्हणाली.

"म्हणजे? लिहिलंय तिथे. झोपलेली तरुणी."

"लिहू दे. तो पायातला जोडा बघा. टाचेतून सुटलाय, नुसता बोटांवर आहे. झोप लागली की पाय सैल पडतो, जोडा खाली पडायला हवा. हिने बोटं आवळून धरलाय तो. आणि त्या पुस्तकात बोट घातलंय, पान हरवू नये म्हणून. तोंड किती नीट मिटलंय. झोपलेल्याचं तोंड असं राहतं होय?"

मी वाकून बघितलं. पायाची बोटं खरंच आवळलेली होती. पुस्तकाच्या पानांत पहिलं बोट होतं. दोन तास टॉर्च मारून मी तिथल्या भेगा मोजल्या होत्या, टवक्याची दोनदा नोंद केली होती, आणि हे मला दिसलं नव्हतं. साहजिकच मी चिडलो.

"तुला काय कळतं चित्रातलं?"

"चित्रातलं नाय कळत," ती म्हणाली. "झोपेचं सोंग कळतं. इतकी वर्षं केलंय मी."

"काय केलंयस?"

"तेच. तुम्ही निघायच्या दिवशी."

दालनाच्या मधोमध एक बाक आहे. मी त्यावर बसलो. ती थोडा वेळ उभी राहिली, बसलं तर चालतं का असं तिने रक्षकाकडे बघितलं, आणि मग माझ्या शेजारी बसली. पुढचं सगळं तिने चित्राकडे बघतच सांगितलं, आणि अशा आवाजात की शेजारी कोणी असतं तर वाटलं असतं, लोणच्याची कृती सांगतेय.

"पहिल्यांदा निघालात तेव्हा मी रडले होते. आठवतं?"

"आठवतं."

"दोन महिन्यांनी तुमचं पत्र आलं, पेटी अंगावर घसरली आणि खांद्याचं हाड मोडलं म्हणून. सासूबाईंनी ते माझ्याकडून वाचून घेतलं. आणि म्हणाल्या, निघत्या माणसासमोर डोळ्यांतून पाणी काढलंस, त्याचं हे झालं. एकदाच म्हणाल्या. पुन्हा कधी नाय. पण मला पुरलं ते."

त्या हाडाची मला आठवणसुद्धा राहिली नव्हती. दीड महिना गळ्यात हात होता, बरं झालं, विसरलो.

"पुढच्या वेळी तुम्ही निघायचा दिवस आला, आणि मला रडू आवरेना. आदल्या दुपारपासूनच. चुलीपाशी बसून रडले, विहिरीवर रडले. सासूबाईंनी बघितलं. म्हणाल्या, तू उद्या पडूनच राहा, तोंडावर गोधडी घे, भिंतीकडे वळ. मी सांगते त्याला, दमलीय म्हणून."

म्हणजे आईलाही ठाऊक होतं. दर वेळी माझ्या हातावर दही घालून ती "झोपू दे तिला" म्हणायची, ते मला सुनेची बाजू घेतल्यासारखं वाटायचं. ती माझी बाजू घेत होती. दोघी मिळून घेत होत्या.

"तेराही वेळा?" मी विचारलं.

"मोजलेत होय तुम्ही?" ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली.

मी वाकून बुटाची नाडी घट्ट केली. हो म्हणणार तरी कोणत्या तोंडाने?

"तुम्ही दारात येऊन उभे राहायचात," ती म्हणाली. "मला पाठीला कळायचं. वाटायचं, आता हाक मारतील. आणि वाटायचं, नको मारू देत, मारली तर उठावं लागेल आणि सगळं बाहेर येईल. मग तुम्ही निघून जायचात. गाडी वळणापलीकडे गेली की मी उठायचे."

"आई गेल्यावर तरी उठायचंस. कोण होतं बोलायला?"

"त्या गेल्या म्हणून माझी भीती जाते होय?" ती म्हणाली. "त्या दिवशी मी आधी उठून ओट्यावर वाटीत दही काढून ठेवलं होतं. झाकून. म्हटलं, दिसेल तुम्हाला. तुम्ही दार आपटून गेलात. मग ते मीच खाल्लं."

मला माझी इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. सव्वीस वर्षं मी या बाईशी फोनवर तोडून बोललो. तिला वाटलं असेल, परदेशात राहून माणूस असाच होतो. आणि ती बिचारी दर दोन वर्षांनी गोधडीखाली श्वास धरून माझ्या जिवाची काळजी करत होती. समोरच्या चित्रातल्या बाईच्या खोलीतून कोण बाहेर पडत असेल, आणि त्याला तरी पुढे कधी कळलं असेल का, असा एक विचार माझ्या मनात आला. मी असले विचार करणाऱ्यांतला नाही.

"आणि मी परत येण्याचं विचारलं तर 'तुम्हाला बरं वाटेल ते' म्हणालीस, ते काय होतं?"

"मग काय सांगायचं? या म्हटलं, आणि माझ्या सांगण्यावरून निघालात, आणि वाटेत काही झालं तर? मी नाय बाबा सांगणार." मग स्वेटरची बाही नीट करत म्हणाली, "पण अंगणात मागच्या बाजूला तुमच्या कामासाठी पत्रा घालून घेतलाय मी. आल्यावर तुम्ही नुसते बसणार नाय, हे मला माहीत आहे."

म्हणजे मी येईन असं धरून तिने पत्रासुद्धा घालून घेतला होता, फक्त तोंडाने बोलायची नाही. मला तिचा हात धरावासा वाटला. मी धरलाही. तिने रक्षकाकडे बघून लगेच सोडवून घेतला.

एवढं सगळं सांगून तिच्या डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता. तिचं परतीचं विमान दोन आठवड्यांवर होतं.

परत निघालो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. पूल ओलांडेपर्यंत ती मला बाहेरचं काय काय विचारत होती. मग तिचे प्रश्न थांबले. मी बघितलं तर तिची मान खिडकीकडे कलली होती. तोंड उघडं पडलेलं. मांडीवरची पर्स घसरून पायाशी गेलेली, आणि ती बारीक घोरत होती. हिला घोरताना मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं. माझी बायको माझ्या शेजारी दिवसाढवळ्या झोपली होती. वेग कमी करून मी उजवीकडच्या, इथल्या हळू गाड्यांच्या लेनमध्ये आलो. मागच्याने दोनदा लाइट मारले, मारू दिले.

व्हिलाच्या गल्लीत कडुनिंबाची झाडं आहेत. त्यांतल्या एकाच्या सावलीत मी गाडी उभी केली आणि इंजिन चालूच ठेवलं, एसी बंद पडू नये म्हणून. तिला उठवायचं काही कारण नव्हतं. मी तिच्याकडे बघत बसलो. कानाजवळचे केस बरेच पांढरे झाले होते. उजव्या हातावर भाजल्याचा जुना डाग होता, तो कधी पडला मला ठाऊक नव्हता. मला ती अतिशय आवडली. हे तिला मी कधी सांगितलं नाही, इथे लिहितोय.

अर्ध्या तासाने फोन थरथरला. ऑफिसातल्या मुलीचा होता. ती वसईची, आमच्याशी मराठीत बोलते.

"अंकल, तुमच्या रिन्यूअलचं काय झालं? आज लास्ट डे आहे, मॅनेजर फाइल क्लोज करतायत. येस की नो, एवढंच सांगा."

मी हळूच काहीतरी बोललो.

"अंकल, आवाज येत नाहीये. जरा लाऊड बोला ना."

मी दार उघडलं, बाहेर आलो आणि ते दोन्ही हातांनी आवाज न करता लावलं. सावली होती तरी हवा अंगाला चटके देत होती. गाडीपासून दहा पावलं लांब जाऊन मी सांगितलं, "नो लिही."

"शुअर ना, अंकल? मागाहून चेंज नाही होणार."

"शुअर. खलास. घरी जातोय मी."

ती म्हणाली, "ओके अंकल, आय ॲम हॅपी फॉर यू," आणि फोन ठेवला. मी परत आलो तर बायको जागी झाली होती. पर्स उचलून मांडीवर घेतली होती आणि पदराने हनुवटी पुसत होती.

"कोणाचा फोन?"

"ऑफिसचा. राहणार का विचारत होते."

"मग?"

"नाही म्हटलं."

तिने पर्सची चेन लावली. म्हणाली, "तेवढं सांगायला उन्हात कशाला गेलात?"

"तू झोपली होतीस."

तिने मान हलवली. मी म्हटलं, "तुझं तिकीट पुढे ढकलू, व्हिसा वाढवून घेऊ. माझं इथलं आवरायला महिनाभर लागेल. मग दोघं एकाच विमानाने जाऊ."

"एकाच?"

"एकाच."

मग ती रडायला लागली. पदर तोंडाला न लावता, भिंतीकडे न वळता, माझ्यासमोर, मोठ्याने. आता तिला सोडून कोणी निघणार नव्हतं, त्यामुळे आवरायचं काही कारण उरलं नव्हतं. फुटपाथवरून जाणारा एक माणूस थांबून आमच्याकडे बघायला लागला. मी त्याला हाताने पुढे जा म्हटलं, आणि तिला रडू दिलं.